हाताने घडवलेला स्टोनवेअरचा थाळा: वाकू नये, तडकू नये आणि जेवायला वापरता यावा यासाठी

वाढायचा थाळा सपाट असल्यामुळे सोपा वाटतो. मातीकाम नुकतेच शिकू लागलेली मंडळी म्हणूनच आधी थाळ्याला हात घालतात आणि तोच त्यांना सर्वांत जास्त दगा देतो. मी हौशी कारागिरांची भांडी माझ्या भट्टीत भाजून देते. काठ एका बाजूने उचलला गेलेला किंवा तळाला आरपार चीर पडलेला थाळा हातात आला, की त्याचा मालक पहिला दोष भट्टीला देतो. तो दोष भट्टीचा क्वचितच असतो. बहुतेक वाकडेपणा माती लाटताना आणि वाळवताना मातीत शिरलेला असतो आणि भाजणीत तो केवळ दिसू लागतो. म्हणून या लेखात भट्टीपेक्षा ओट्यावरच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून एकच वस्तू घेतली आहे: भाजून झाल्यावर ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३ सेंटिमीटर उंच काठाचा गोल थाळा, जो चार-सहा माणसांच्या मसालेभाताला पुरेल आणि विजेच्या भट्टीत कोन ६ पर्यंत, म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअसपर्यंत, भाजला जाईल. कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा लहान सुळका; त्याच्या क्रमांकाने भाजणीचे माप सांगतात. वाडगे, कोशिंबिरीचे भांडे किंवा लांबट तबक करायचे असल्यास क्रम हाच राहतो. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

## १. माती निवडणे

शाडूची माती गणपतीच्या मूर्तीसाठी असते. ती न भाजता वाळवून रंगवतात आणि तिच्यापासून जेवणाचे भांडे करता येत नाही. हवेवर आपोआप घट्ट होणाऱ्या, हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या मातीचेही तेच. तिच्यावर कितीही वॉर्निश लावले तरी त्यावर भात वाढू नये. कुंभाराकडची लाल माती भाजता येते, परंतु ती कमी तापमानाची असते, भाजूनही सच्छिद्र राहते आणि १२२० अंशांना नेल्यास फुगते किंवा वितळून भट्टीतल्या शेल्फला (भांडी ठेवायच्या फळीला) चिकटते.

आपल्याला हवी ती तयार स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजून घट्ट होणारी) माती, जिच्या पिशवीवर किंवा माहितीपत्रकावर भाजणीचा कोन, एकूण आक्रसण आणि त्या कोनाला उरणारे पाणीशोषण असे तीन आकडे दिलेले असतील. हे आकडे सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून थाळ्यासाठी माती घेऊ नये. थाळ्याच्या मातीत थोडा ग्रॉग, म्हणजे भाजून दळलेल्या मातीचे कण, असलेला बरा. त्याने आक्रसण कमी होते, ओलावा सहज बाहेर पडतो आणि सपाट पृष्ठभाग कमी वाकतो. अगदी गुळगुळीत, लोण्यासारखी पांढरी पोर्सेलीन माती पहिल्या पाच थाळ्यांसाठी विसरावी.

सावधान: कोन १० ची माती कोन ६ ला भाजली तर ती वरून टणक दिसते, पण आतून कच्ची राहते आणि पाणी पिते. माती, ग्लेझ (भांड्यावर वितळून बसणारा काचेसारखा लेप) आणि भट्टी यांचा कोन एकच असला पाहिजे, आणि याला अपवाद नाही.

## २. आक्रसण्याचे गणित

मातीची एकूण आक्रसण १२ टक्के असेल, तर ३० सेंटिमीटरच्या थाळ्यासाठी ओला थाळा किती मोठा घ्यावा? बहुतेक जण ३० मध्ये त्याचे १२ टक्के मिळवून ३३.६ हे उत्तर काढतात. ते चूक आहे, कारण आक्रसण ओल्या मापाच्या १२ टक्के असते, भाजलेल्या मापाच्या नव्हे. ३० ला ०.८८ ने भागावे, उत्तर ३४.१ सेंटिमीटर येते. थाळ्यात हा फरक अर्ध्या सेंटिमीटरचा असल्यामुळे चालून जातो, पण झाकण बसवायच्या भांड्यात चालत नाही.

वाडग्याच्या बाबतीत गोष्ट आणखी बिघडते, कारण तिथे लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही आक्रसतात. ०.८८ ला स्वतःशी तीनदा गुणले की ०.६८ येते, म्हणजे वाडग्याची धारणशक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. एक लिटर आमटीचे वाडगे हवे असेल, तर ओले वाडगे सुमारे दीड लिटरचे घडवावे लागते. ‘एवढे मोठे केले होते, लहान कसे निघाले?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

तपासा: माहितीपत्रकावर पूर्ण भिस्त ठेवू नये. त्याच मातीची १४ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड पट्टी कापून तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारावी. दोन्ही भाजण्यांनंतर (पहिली ग्लेझ लावण्याआधीची, दुसरी लावल्यानंतरची) रेघ ८.८ सेंटिमीटर भरली, तर आक्रसण १२ टक्के. अशा चार पट्ट्या कराव्यात. त्यांपैकी एक ग्लेझ न लावता तशीच भाजावी, कारण पुढे पाणीशोषण मोजताना ती लागणार आहे.

## ३. ओटा आणि साहित्य मांडणे

माती हातात घेण्यापूर्वी सर्व काही जागेवर असावे, कारण लाटलेली पोळी पडून राहिली की तिच्या कडा वाळू लागतात. लागणारे साहित्य असे: सुमारे ३ किलो माती, ज्यात बुडाचे कडे आणि कातरण धरलेले आहे, जाडसर सुती कापडाचे दोन मोठे तुकडे, लांब लाटणे, ८ मिलिमीटर जाडीच्या दोन सरळ लाकडी पट्ट्या, रबरी रिब (माती घोटायची लवचिक पट्टी), सुई, स्पंज, गुळगुळीत केलेल्या दोन लाकडी फळ्या आणि साचा.

साच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा उथळ साचा उत्तम, कारण तो ओलावा शोषतो आणि माती आपोआप सुटते. तो नसेल तर घरातली ३५-३६ सेंटिमीटर व्यासाची, तिरक्या काठाची स्टीलची परात चालते. मात्र तिच्यात जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा सुरकुती न ठेवता अंथरावा लागतो. स्टील ओलावा शोषत नाही, त्यामुळे कापड नसले तर माती परातीला चिकटते आणि काढताना फाटते. कापडाची सुरकुती मातीवर उमटते आणि पुढे तीच चिरेची सुरुवात ठरते. याच कारणाने मी कापड आधी ओले करून, पिळून, मगच बसवते.

## ४. मळणे आणि लाटणे

पिशवीतून काढलेली माती सरळ लाटू नये. ती मळावी, आणि मळणे म्हणजे कणीक तिंबणे नव्हे. कणकेला आपण घडी घालतो, तशी घडी मातीला घातली तर आत हवा अडकते. तळहाताने पुढे आणि खाली ढकलत, गोळा थोडा फिरवत, पुन्हा ढकलत पन्नास-साठ वेळा मळावे आणि मग तारेने मधोमध कापून पाहावे. कापलेल्या भागात भोके किंवा घट्ट-मऊ पट्टे दिसले, तर मळणे अजून व्हायचे आहे.

माती किती ओली असावी, हे बोट दाबून ठरवावे. ठसा सहज उमटला पाहिजे, पण बोटाला माती लागता कामा नये. चाकावर चालते तितकी मऊ माती पोळी लाटण्यासाठी नको.

आता लाटण्याकडे येऊ, कारण वाकडेपणाचे मूळ इथे आहे. मातीचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात. एकाच दिशेने लाटले की ते त्या दिशेने ओळीत बसतात, माती त्या दिशेने वेगळी आणि आडव्या दिशेने वेगळी आक्रसते आणि गोल थाळा अंडाकृती होतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. गोळा हाताने थापटत चपटा करावा आणि दर चार-पाच थापांनी फिरवावा. भाकरी थापायची सवय असलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

२. कापडावर ठेवून मधून बाहेरच्या बाजूला लाटावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटणे ओढू नये.

३. दोन-तीन फेऱ्यांनंतर पोळी एक चतुर्थांश फिरवावी. वर दुसरे कापड ठेवून दोन्ही कापडांसकट उलटी करावी आणि पुन्हा लाटावी. असे निदान चार वेळा करावे.

४. शेवटच्या फेरीत दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणे फिरवावे, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते.

५. रबरी रिब दाबून दोन्ही बाजू चारही दिशांनी घोटाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच गाळले जाते. घोटल्याने कण एकमेकांजवळ दाबले जातात आणि तळाची चीर टळते. चाकावर थाळा करणाऱ्यांच्या तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी जी चीर पडते, तिचेही मुख्य कारण तळ न घोटणे हेच असते.

सावधान: लाटलेली पोळी कधीही कडेला धरून हाताने उचलू नये. माती हे वाकवणे लक्षात ठेवते. तुम्ही ती पुन्हा सपाट केली तरी आतला ताण जात नाही आणि भाजताना काठ नेमका तिथेच वर येतो. पोळी नेहमी कापडासकट किंवा फळीवरून सरकवत हलवावी. हा सगळा लेख विसरलात तरी हे एवढे लक्षात ठेवा.

## ५. साच्यात बसवणे

पोळी लाटून झाल्यावर वीस-तीस मिनिटे प्लास्टिकखाली झाकून ठेवावी, म्हणजे तिचा ओलावा सारखा होतो. मग साधारण ३८ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे. काठ वर चढल्यावर वरचा व्यास ३४ च्या आसपास येतो. कापडासकट उचलून ती साच्यावर मधोमध सोडावी आणि कापड सोलून काढावे. बोटांनी दाबायचा मोह टाळावा, कारण बोटांनी तळ जागोजागी पातळ होतो. ओल्या स्पंजने मधून काठाकडे हलकेच दाबत न्यावे.

काठाला सुरकुत्या पडत असतील, तर परात फार खोल आहे असे समजावे. सुरकुती दाबून बुजवली तरी ती जाडीच्या रूपाने तिथे राहतेच. अशा वेळी उथळ साचा शोधावा.

काठ सुईने सारखा कापून, ओल्या शामोय चामड्याने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने गोल करावा. धारदार काठावर ग्लेझ थांबत नाही आणि पहिला टवका तिथूनच उडतो. बघायला नाजूक म्हणून काठ पातळ करण्याची हौस थाळ्यात महाग पडते: पातळ काठ आधी वाळतो, आधी आक्रसतो आणि अजून ओल्या असलेल्या तळाला ओढतो.

उलट्या साच्यावर, म्हणजे उंचवट्यावर पोळी पसरून करायचे असेल, तर माती आकार धरू लागताच ती साच्यावरून काढावी. माती आक्रसते, साचा आक्रसत नाही. रात्रभर तशीच सोडली तर सकाळी थाळा फाटलेला मिळतो.

## ६. बुडाचे कडे

थाळा लेदर हार्ड झाला, म्हणजे उचलल्यावर वाकेनासा झाला पण नखाने अजून ओरखडा पडतो अशा अवस्थेत आला, की वर फळी ठेवून साच्यासकट उलटा करावा आणि साचा उचलून घ्यावा. आत जाड फोमचा तुकडा ठेवल्यास तळ खाली बसत नाही.

बूड सपाट ठेवण्यापेक्षा कडे लावलेले चांगले. व्यासाच्या सुमारे दोन तृतीयांशावर एक गोल कडे लावावे. या मापाच्या थाळ्याला त्या एका कड्याने भागत नाही: १२०० अंशांच्या पुढे माती किंचित मऊ होते आणि आधार नसलेला मधला भाग खाली बसतो. म्हणून मध्यभागी ७-८ सेंटिमीटर व्यासाचे आणखी एक लहान कडे लावावे. ते बाहेरच्या कड्यापेक्षा केसभर कमी उंच असावे. उंच झाले तर थाळा टेबलावर भोवऱ्यासारखा फिरतो.

कडे लावताना दोन्ही पृष्ठभागांवर सुईने आडवेउभे ओरखडे काढावेत, त्याच मातीची रबडीइतकी दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावावी आणि कडे थोडे हलवत दाबून बसवावे. कड्याची माती थाळ्याइतकीच ओली असावी. पिशवीतल्या ताज्या मऊ मातीचे कडे घट्ट झालेल्या थाळ्याला लावले, तर ते वाळताना जास्त आक्रसते आणि सांध्याभोवती चीर पडते. वाडग्याचे कान, मूठ किंवा सोलकढीच्या भांड्याची चोच यांनाही हाच नियम आहे.

तपासा: थाळा सुलटा करून काचेच्या तुकड्यावर ठेवावा आणि काठावर चार बाजूंनी हलके दाबावे. डगडगत असेल तर आत्ताच उंच भाग किसून घ्यावा. भाजल्यानंतर हेच काम दगडाने घासून करावे लागते आणि त्याला एक दुपार जाते.

## ७. वाळवणे

वाळवण्याचा एकच नियम आहे: थाळ्याचा प्रत्येक भाग एकाच वेगाने वाळावा. आपोआप तसे होत नाही. काठ दोन्ही बाजूंनी हवेला उघडा असतो, तळ फळीवर टेकलेला असतो आणि कड्याच्या आतल्या भागात हवा खेळतच नाही. काठ वाळून टणक झाल्यावर तळ आक्रसू लागला की तळाला चीर तरी पडते किंवा तो वर फुगतो.

पहिले दोन दिवस थाळा पूर्ण प्लास्टिकखाली ठेवावा. हे वाळवणे नव्हे; कडे, काठ आणि तळ यांचा ओलावा यात सारखा होतो. त्यानंतर काठावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळावी आणि मधला भाग उघडा ठेवावा. थाळा वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांवर ठेवावा, म्हणजे आक्रसताना तो फळीला अडकत नाही. दिवसातून एकदा उलटा-सुलटा करावा. उलटा ठेवताना काठ पूर्ण टेकेल अशी सपाट फळी घ्यावी. काठाचा रंग उजळू लागला आणि मधला भाग अजून गडद असला, तर पट्टी घट्ट करून आणखी थांबावे.

किती दिवस लागतील, हे गावावर आणि ऋतूवर अवलंबून आहे. पुण्याच्या हिवाळ्यात मी दहा-बारा दिवस धरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत धोका उलटा असतो: थाळा दोन दिवसांत वाळतो आणि म्हणूनच फाटतो, तिथे प्लास्टिक दुहेरी लावावे आणि काम पहाटे करावे. कोकणात आणि गोव्यात जुलैमध्ये तीन आठवडे गेले तरी माती पूर्ण वाळत नाही, त्यामुळे शेवटचा ओलावा भट्टीतच मंद आचेवर काढावा लागतो.

पंख्याखाली, उन्हात किंवा गच्चीवर थाळा ठेवू नये. माझा सर्वांत मोठा थाळा, ४५ सेंटिमीटरचा, एका मुदतीच्या घाईत खिडकीतल्या उन्हात ठेवला होता. उन्हाकडची बाजू पाऊण तासात वर आली. तो ओला करून पुन्हा दाबला, तसाच वाळवला आणि भट्टीतून बाहेर आला तेव्हा तीच बाजू तेवढीच वर होती.

तपासा: थाळ्याचा तळ गालाला लावावा. गार लागला तर आत पाणी आहे. खोलीतल्या इतर कोरड्या वस्तूंइतकाच लागला, तरच तो भट्टीला द्यावा.

## ८. पहिली, म्हणजे बिस्क भाजणी

दुसऱ्याची भट्टी वापरत असाल, तर थाळा देताना जाडी, मातीचे नाव आणि कोन चिठ्ठीवर लिहून द्यावेत. थाळा कोरडा आहे की नाही हे खरे सांगावे. तुमच्या थाळ्यातले पाणी वाफ होऊन फुटले, तर शेजारच्याची भांडीही जातात.

थाळा शेल्फवर भाजलेल्या वाळूसारख्या ग्रॉगचा पातळ थर पसरून त्यावर ठेवावा. आक्रसताना त्याला सरकायला जागा मिळते. भट्टीच्या तारांना लागून ठेवू नये आणि थाळ्यात जड भांडी रचू नयेत.

८ मिलिमीटरच्या थाळ्यासाठी मी वापरते तो क्रम असा आहे. ९० अंशांपर्यंत ताशी ६० अंशांनी न्यावे आणि तिथे चार तास थांबावे. पावसाळ्यात आठ तास. पुढे २५० पर्यंत ताशी ८० आणि ६०० पर्यंत ताशी १०० अंशांनी वाढवावे. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेत बांधलेले पाणी बाहेर पडते आणि ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झचे स्फटिक अचानक प्रसरण पावतात. थाळ्याचा काठ आणि शेल्फवर टेकलेला तळ यांच्या तापमानात या टप्प्यावर फरक असला, तर चीर पडते. त्यानंतर १००० अंशांपर्यंत ताशी १२० अंशांनी जावे आणि तिथे वीस मिनिटे थांबावे. या शेवटच्या भागात मातीतले सेंद्रिय पदार्थ जळून जातात. घाई केल्यास ते ग्लेझच्या भाजणीत वायू होऊन बाहेर येतात आणि पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात.

थंड होताना क्वार्ट्झ पुन्हा आकसतो. जाड शेल्फ उष्णता धरून ठेवते, काठ मात्र लवकर निवतो. भट्टी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत तिचे दार किंचितही उघडू नये.

तपासा: भाजलेला थाळा तळहातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवावा. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. अशा थाळ्यावर ग्लेझ आणि वीज वाया घालवू नये. चीर ग्लेझने भरत नाही, उलट ती उघडते.

## ९. ग्लेझ

आपल्या ताटात आंबट आणि खारट पदार्थांची कमी नसते. चिंच-गुळाची आमटी, कोकम, लिंबू, टोमॅटोची कोशिंबीर, लोणचे, ताक हे सगळे ग्लेझमधले कच्चे घटक बाहेर ओढू शकतात. त्यामुळे अन्न लागणाऱ्या आतल्या भागाला विक्रेत्याने अन्नासाठी सुरक्षित म्हटलेले, शिसे आणि कॅडमियम नसलेले, पूर्ण वितळणारे पारदर्शक किंवा पांढरे चकचकीत ग्लेझ लावावे. तांब्याचे प्रमाण जास्त असलेले हिरवे, कोरडे मॅट आणि वाहून गेल्यासारखे दिसणारे शोभेचे ग्लेझ बाहेरच्या बाजूला ठेवावे. मॅट ग्लेझवर चमच्याच्या करड्या रेघाही उमटतात आणि त्या सहजी जात नाहीत. भाजून झालेल्या थाळ्यावर अॅक्रिलिक रंगाने किंवा सोनेरी रंगाने नक्षी काढली, तर तो थाळा भिंतीवर टांगावा.

कोरडे ग्लेझ कालवताना एन-९५ मुखपट्टी लावावी. त्यातील सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुफ्फुसांना कायमची इजा करते. स्वयंपाकघरात ग्लेझ कालवू नये आणि सांडलेली पूड झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

१. बिस्क थाळा ओल्या स्पंजने पुसून काही तास वाळू द्यावा. धूळ किंवा हाताचे तेल राहिले तर तिथून ग्लेझ सरकते आणि माती उघडी पडते.

२. कड्याच्या टेकणाऱ्या भागाला आणि त्याच्या वर ३ मिलिमीटरपर्यंत मेण लावावे. तिथे ग्लेझ राहिले तर थाळा शेल्फला कायमचा चिकटतो. मधल्या लहान कड्यालाही मेण लावायचे, हे हमखास विसरले जाते.

३. ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून गाळावे आणि ढवळत राहावे. थाळा बादलीत बुडवता येत नसेल तर आत ग्लेझ ओतून, फिरवून, जास्तीचे ओतून टाकावे; हे काम चार-पाच सेकंदांत व्हावे.

४. सुईने टोचून थराची जाडी पाहावी. पोस्टकार्डाच्या दुप्पट जाडी पुरे. थाळ्याच्या कोपऱ्यात, जिथे तळ काठाला मिळतो, ग्लेझ साचते. ते बोटाने घासून समान करावे.

## १०. दुसरी भाजणी

६०० अंशांपर्यंत ताशी १००, ११०० पर्यंत ताशी १५० आणि शेवटचे अंश ताशी ६० अंशांनी न्यावेत. शेवटी दहा मिनिटे थांबावे. शेल्फ सपाट असावे. वाकलेल्या शेल्फवर ठेवलेला थाळा त्याच्यासारखाच वाकतो. केवळ पायरोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, थाळ्याशेजारी कोन ६ ठेवावा. पायरोमीटर एका जागेचे तापमान सांगतो. उष्णतेने किती काम केले हे कोन वाकून दाखवतो. निवताना ६५० ते ५०० अंशांमधून भट्टी सावकाश जाऊ द्यावी.

## ११. जेवणाला घेण्यापूर्वीच्या चाचण्या

चकचकीत दिसणारा थाळा टेबलावर न्यायची घाई होते. त्याआधी पुढील चाचण्या करून पाहाव्यात. त्या थाळ्याऐवजी त्याच माती-ग्लेझच्या पट्टीवर केल्या तरी चालतात.

पाणीशोषण. ग्लेझ न लावलेली भाजलेली पट्टी कोरडी असताना ग्रॅमच्या काट्यावर तोलावी. पाच तास पाण्यात उकळून, त्याच पाण्यात २४ तास ठेवून, फडक्याने टिपून पुन्हा तोलावी. ७० ग्रॅमची पट्टी ७१.४ ग्रॅम भरली तर शोषण २ टक्के. वापरातल्या स्टोनवेअरसाठी मी याहून जास्त शोषण चालवून घेत नाही. जास्त शोषणाची भांडी मायक्रोवेव्हमध्ये अन्नापेक्षा आधी तापतात आणि बुडातून टेबलावर ओल उमटवतात.

तडे. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले तर त्याच्यावर जाळीसारखे बारीक तडे जातात, आणि ते कधी कधी महिन्यांनी दिसतात. पट्टी फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून उकळत्या पाण्यात टाकावी; असे तीनदा करावे. मग ओल्या हळदीची पेस्ट लावून तासाभराने धुवावे. पिवळ्या रेघा राहिल्या, तर तडे आहेत आणि त्यांत उद्या रस्सा जाणार आहे. याच्या उलट दोष, म्हणजे काठावरून ग्लेझचे पापुद्रे सुटणे, अधिक गंभीर आहे. तो पापुद्रा काचेसारखा धारदार असतो आणि भाताबरोबर पोटात जाऊ शकतो. तसे भांडे तत्काळ बाद करावे.

आंबट. पट्टीचा अर्धा भाग व्हिनेगरमध्ये २४ तास बुडवून दोन्ही अर्धे उन्हात शेजारी धरून पाहावेत. बुडलेला भाग फिका, मॅट किंवा खरखरीत झाला असेल, तर ते ग्लेझ अन्नासाठी नाही. मात्र रंग बदलला नाही म्हणजे शिसे नाही, असा अर्थ निघत नाही; ते डोळ्यांना दिसत नाही. भांडी विकायची किंवा लग्नकार्यात भेट द्यायची असतील, तर प्रयोगशाळेतून आयएसओ ६४८६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शिसे आणि कॅडमियमची चाचणी करून घ्यावी. तिच्यात भांड्यात ४ टक्के अॅसेटिक आम्ल २४ तास ठेवून उतरलेले धातू मोजतात.

शेवटी बुडाचे कडे पाणी लावून सिलिकॉन कार्बाइडच्या दगडाने घासावे. ते न घासलेला थाळा काचेच्या किंवा सागवानी टेबलावर पहिल्याच जेवणात ओरखडे काढतो.

## १२. वापरताना

स्टोनवेअर गॅसवर ठेवायचे नसते, मंद आचेवरसुद्धा. थंडीच्या दिवसांत उकळती आमटी गार वाडग्यात ओतण्यापूर्वी वाडगे गरम पाण्याने विसळून घ्यावे. लोणचे वाढायला हरकत नाही, पण ते रात्रभर त्याच भांड्यात ठेवू नये. भरलेला थाळा दोन्ही हातांनी उचलावा, काठाला एका बाजूने धरून नव्हे. थाळे एकावर एक रचताना मध्ये जाड सुती फडके घालावे, कारण वरच्या थाळ्याचे बूड खालच्याच्या ग्लेझवर घासते आणि त्या ओरखड्यांत पुढे हळद बसते.